एका घरक्रमांकात दुसरी सभासद

पोंभुर्णा तालुक्यातल्या आंबेटोल्यात रुखमाबाई मडावींच्या घरामागे, गोठ्याला लागून, दोन वर्षांपूर्वी एक खोली उभी राहिली. कुडाच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, कोपऱ्यात मातीची चूल. ती चूल त्यांच्या लेकीची, मोनालीची. मोनालीला कोरपन्याकडे दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली आणि मोनाली चार वर्षांची पोर कडेवर घेऊन माहेरी आली. भावानं, म्हणजे लोकेशनं, तिला परत जा म्हटलं नाही. भावजय पुनमही वाईट बोलली नाही. पण एका चुलीवर दोघींचे हात लागायला लागले की भांड्यांचा आवाज वाढतो. तीन महिन्यांत तो इतका वाढला की रुखमाबाईंनीच माती कालवली आणि मागच्या खोलीत दुसरी चूल घातली. शेजारणीनं विचारलं तर म्हणाल्या, "भांडन झालं म्हनून नाई घातली. होऊ नये म्हनून घातली."

इथवर सगळं निभलं. मग मागच्या रोवण्यात, धान लावताना, रुखमाबाई बांधीतच कोसळल्या. आठ दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात काढले. हृदयाची झडप बिघडली आहे, जड काम करायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर खाटेवर पडून त्यांनी छातीचा विचार फारसा केला नाही. त्यांच्या डोक्यात एकच आकडा बसला, सतरा.

सतरा हा त्यांचा सभासद क्रमांक. शेजारच्या पिपरीत महिलांची वनोपज सहकारी संस्था आहे. चार गावांच्या एकशेवीस बाया तिच्या सभासद. मोहफूल, हिरडा, चारोळी तिथं मोजून घेतात, आणि शेडमध्ये मोहफूल निवडायचं, वाळवायचं, भरायचं काम वर्षभर पाळीपाळीनं चालतं. पाळी मिळते ती सभासदाला. मोनाली जंगलात पहाटे जाऊन फुलं वेचायची, पण टोपली लागायची ती आईच्या क्रमांकावर, आणि शेडमधली पाळीही आईचीच. आई गेली की सतरा नंबर वारसाच्या नावावर, म्हणजे लोकेशच्या घरी जाणार. त्यात गैर काही नव्हतं. पण मग मोनालीचं काय? ती आपल्या पोरीला घेऊन रोज भावजयीच्या मर्जीवर उभी राहणार.

"मी हावो तवर तिचा नंबर झाला पायजे," त्यांनी लोकेशला सांगितलं.

लोकेश म्हणाला, "आई, तिथी नेम हाये. एका घरक्रमांकात एकच सभासद. तिच्या खोलीले नंबर कुठी हाये?"

"नेम बायांनीच केला ना? बायाच बदलवतीन."

रुखमाबाईंना सभा म्हणून जी माहीत होती ती आंबेटोल्याची बैठक. दिवेलागणीला चिंचेखाली सगळे गोल बसतात. गावातले जाणते दादाजी आत्राम विषय सांगतात. मग एकेकानं बोलायचं, बाया-पुरुष सगळ्यांनी. कोणी हात वर करत नाही, कोणी मतं मोजत नाही. एक जण जरी तोंड फिरवून बसला तरी बोलणं पुढं चालतं, कधी तीन-तीन संध्याकाळ. शेवटी दादाजी विचारतात, "कोनाच्या पोटात काई राह्यलं काय?" सगळे "नाई" म्हणाले की विषय मिटला. मिटलेला विषय पुन्हा काढणं म्हणजे माणसाच्या शब्दावर शंका घेणं. तसं आंबेटोल्यात कोणी करत नाही.

त्याच समजुतीनं रुखमाबाई ऑगस्टच्या दहा तारखेला मोनालीचा अर्ज घेऊन पिपरीला गेल्या. आत संचालक मंडळाची मासिक सभा चालू होती. लांब टेबलाभोवती नऊ बाया बसलेल्या, मध्ये अध्यक्ष रंभाबाई, आणि बाजूला सचिव निशा. निशा मूल गावची, बी. ए. झालेली, पंचवीस-सव्वीस वर्षांची, नियमांची वही तोंडपाठ. रुखमाबाईंनी आत जाऊन आपली सगळी कथा सांगितली. बायांनी मान हलवली, दोघींनी डोळेही पुसले. मग निशानं अर्ज परत केला.

"मावशी, मंडळ सभासद करून घेऊ शकतं, पण जो नेमात बसतो त्यालाच. नेम बदलवणं मंडळाच्या हातात नाई."

"मंग हे नऊ जनी कायले बसल्या?"

रंभाबाई हसल्या. "रुखमाबाई, आमी रोजचं काम पाहासाठी बसलो. मोहफूल कवा घ्याचं, शेडचं कवेलू कोन बदलवन, थे आमी ठरवतो. उपविधी साऱ्या सभासदाइचा. त्याले सारी सभा लागते."

रुखमाबाईंना वाटलं, टाळतात. परत येताना वाटेत त्यांनी मोनालीला सांगितलं, "बसून बसून टेबलाची सवय झाली त्याइले."

सारी सभा सप्टेंबरात झाली. वार्षिक सर्वसाधारण सभा. अकराची वेळ होती आणि अकराला पंचवीस-तीस बायाच आल्या होत्या. निशानं घड्याळ पाहिलं, गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब केल्याचं जाहीर केलं, आणि साडेअकराला तीच सभा पुन्हा सुरू केली. आता गणपूर्तीची गरज नव्हती. रुखमाबाईंनी हे नीट लक्षात ठेवलं: माणसं कमी असली तर अर्धा तास थांबायचं, मग भागतं. जेवणाच्या सुमाराला मांडव भरला. वर्षाचा अहवाल वाचून झाला, पुढच्या वर्षाचं काम ठरलं, आणि शेवटी निशा म्हणाली, "आता अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय."

रुखमाबाई उठल्या. बोलल्या छान. दवाखान्याचं सांगितलं, दुसऱ्या चुलीचं सांगितलं. "माह्या पोरीसारख्या आनखी असतीन. बोला, घ्याच्या का नाई?" मांडवातून "घ्या, घ्या" असा गलका झाला आणि टाळ्या पडल्या. घरी जाऊन रुखमाबाईंनी गुळाचा खडा मोनालीच्या हातावर ठेवला.

आठ दिवसांनी अर्ज घेऊन गेल्या तर निशानं तो पुन्हा परत केला. रुखमाबाईंचा आवाज शेडपर्यंत गेला.

"साऱ्याइनं टाळ्या वाजवल्या ना? तू होती ना तिथी?"

"टाळ्यांचा ठराव होत नाई मावशी."

"लिहून घेतलं होतं ना तू वहीत?"

"घेतलं. हे पाहा. 'रुखमाबाई मडावी यांनी सूचना मांडली, सभेनं स्वागत केलं.' सूचना आहे ती. उपविधी बदलवायचा तर विषय आधी नोटिशीत पाहिजे, चौदा दिवस आधी प्रत्येकीच्या हातात. जी बाई त्या दिवशी आली नाई, तिला माहीत नको का, की तिच्या मागं नेम बदलवून राह्यले?"

या शेवटच्या वाक्यापाशी रुखमाबाई अडल्या. त्यात काहीतरी खरं होतं. आंबेटोल्यातही गैरहजर माणसाच्या मागं त्याचा विषय मिटवत नसत. त्यांनी पायरीवर बसून घोटभर पाणी घेतलं. मग विचारलं, "मंग कोनती सभा लागते, थे सांग. एकदाच सांग."

निशा पायरीवर येऊन शेजारी बसली. विशेष सर्वसाधारण सभा, तिनं सांगितलं. ती एकाच विषयासाठी असते. एक पंचमांश सभासदांनी, म्हणजे चोवीस जणींनी लेखी मागणी केली तर मंडळाला ती बोलवावीच लागते. आलेल्या बायांपैकी दोन तृतीयांश बाजूनं पडल्या तर उपविधी बदलतो, मग सहायक निबंधकांच्या कार्यालयाची मंजुरी. सगळं झालं की अर्ज पुन्हा मंडळाच्या मासिक सभेत.

"म्हंजे फिरून त्या नऊ जनीपाशी?"

"हो. पण तेव्हा त्या नाई म्हणू शकत नाई."

धान कापून झाल्यावर रुखमाबाई सह्या घेत फिरल्या. छातीमुळे एका दिवसात तीन-चार घरंच व्हायची. मोनाली सोबत असायची, पण दारात गेल्यावर बोलायची आईच. आंबेटोल्यातल्याच रीतानं सही द्यायला साफ नकार दिला. रीताच्या घरी तीन सुना. ती स्पष्ट बोलणारी बाई.

"तुमच्या पोरीचं मले दुख हाये बाई. पन उद्या माह्या तिन्ही सुना म्हनतीन, आमची चूल येगळी, आमाले नंबर द्या. मंग एका घराचे चार. शेडमधली पाळी किती दिवसानं येईन मंग? वर्साच्या वर्साले?"

"तुह्या सुनाइची चूल येगळी हाये काय?"

"आज नाई. नंबर भेटते म्हनलं त उद्या होईन ना!" रीता हसली आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागली.

एकतीस सह्या झाल्या. पाच जानेवारीला सभा ठरली, नोटीस घरोघरी गेली. आदल्या संध्याकाळी आंबेटोल्यात दादाजींनी बैठक घेतली. गावातल्या चव्वेचाळीस सभासद बाया होत्या, त्यांचे नवरे, सासवा, सगळेच आले. रीतानं सुनांचा मुद्दा मांडला. बोलणं लांबलं. शेवटी रीताही म्हणाली, "बरं. एका पोरीसाठी मी आडवी नाई येत." दादाजींनी विचारलं, "कोनाच्या पोटात काई राह्यलं काय?" कोणाच्या पोटात काही राहिलं नव्हतं. रुखमाबाईंना तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट भूक लागली.

दुसऱ्या दिवशी अकराला पिपरीच्या शेडमध्ये तेहेतीस बाया होत्या. बाकी तीन गावांच्या सव्वीस, आणि आंबेटोल्याच्या फक्त सात.

गणपूर्तीला चाळीस लागत होत्या. रुखमाबाई घाबरल्या नाहीत. "अर्धा तास थांबू," त्या शेजारणीला म्हणाल्या. "मंग सभा भरते." त्यांनी पानाचा डबाही उघडला.

साडेअकराला निशा उठली. तिचा चेहरा उतरला होता. "सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली सभा गणपूर्तीअभावी तहकूब होत नाही. ती रद्द होते. उपविधीत तसंच आहे. आणि सभासदांना याच विषयाची मागणी पुन्हा सहा महिने करता येत नाही."

"पन त्या बारीले त अर्ध्या तासानं भरली होती!"

"ती वार्षिक सभा होती मावशी. ती घ्यावीच लागते, म्हणून तहकूब होऊन भरते. ही मागणीवरची. मागणारेच आले नाई, तर सभा कोणासाठी घ्यायची?"

सहा महिने म्हणजे जुलै. मोहफुलाचा हंगाम मार्च-एप्रिलचा. तो निघून जाणार होता, आणि रुखमाबाईंना आपल्या छातीचा भरवसा जुलैपर्यंतचा नव्हता.

गावात आल्या तर बाया तूर कापत होत्या. रुखमाबाईंनी बांधावरूनच विचारलं, "काऊन नाई आल्या वं?"

बायांना प्रश्नच कळेना. एक म्हणाली, "काल त मिटलं ना आत्या. आमी सारे हाव म्हनलो."

"तिथी याचं होतं ना!"

"कायले? आमच्या शब्दावर तुमचा भरवसा नाई काय? फिरून तिथी जाऊन हात वर कराचा म्हंजे काल खोटं बोललो काय आमी?" ती बाई खरंच दुखावली होती. रीतानंही विळा खाली ठेवला. "मी आडवी नाई येत म्हनलं होतं. म्हनून त आली नाई मी. आली असती त आडवी आली असती."

शब्द पाळण्यासाठीच सगळ्या घरी राहिल्या होत्या.

मोनाली त्या दिवशी आईला म्हणाली, "जाऊ दे आई. मी करीन काईतरी. मूलच्या राइस मिलमध्ये बाया घेऊन राह्यले."

"आनं पोरीले कोन पाहीन?"

मोनाली पोरीला घेऊन मागच्या खोलीत गेली.

दहा जानेवारीला मंडळाची मासिक सभा होती. रुखमाबाई आदल्या दिवशीच रंभाबाईंच्या घरी गेल्या, निशालाही बोलावून घेतलं. यावेळी त्यांनी गोष्ट सांगितली नाही, प्रश्न विचारला. "सभासदाइले सहा महिने मागता येत नाई. मंडळाले?"

निशानं वही उघडली, दोनदा वाचलं. "मंडळ स्वतः केव्हाही विशेष सभा बोलवू शकतं. तिथं सहा महिन्यांची अट नाई."

रंभाबाई विचारात पडल्या. "बोलावतो मी. नऊ जनीत पाच तरी हाव म्हनतीन. पन रुखमाबाई, तुमचंच गाव येत नाई. फिरून तमाशा नाई पायजे मले."

"आननं माह्यावर," रुखमाबाई म्हणाल्या.

मंडळानं ठराव केला. अठ्ठावीस जानेवारी ठरली. बारा तारखेला नोटिशी निघाल्या. आणि सत्तावीसच्या संध्याकाळी रुखमाबाई दादाजींकडे एक मागणं घेऊन गेल्या. असं मागणं त्या गावात कोणी केलं नव्हतं.

"भाऊ, आज बैठक घ्या. पन शेवटचा प्रश्न इचारू नोका."

दादाजींना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. "अर्धी बैठक? कवा आयकली काय अशी?"

"अर्धी इथी होऊ द्या. उरलेली उद्या पिपरीले. इथी मिटलं की बाया घरी राह्यते."

"आनं तिथी नाई मिटलं त? रीता मागच्या बारीले मानली होती. आज तिचं पोट उघडं ठेवशीन, त उद्या थे साऱ्याइसमोर इरोधात बोलन. तुले समजते काय?"

"समजते," रुखमाबाई म्हणाल्या. समजत होतंच. मागचा होकार त्या आपल्या हातानं मोकळा करत होत्या.

दादाजींनी बैठक घेतली. रीता बोलली, आणखी दोघी बोलल्या. मग दादाजी उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "बाकीचं उद्या पिपरीले. ज्याच्या पोटात जे हाये थे तिथी घेऊन जा." लोक एकमेकांकडे बघत राहिले. सवयीनं काही जण आणखी थोडा वेळ तसेच गोल बसून होते.

सकाळी आंबेटोल्याच्या बाया चालत निघाल्या. रस्ताभर वाद घालतच पिपरीला पोहोचल्या. अर्ध्यात सोडलेलं बोलणं कोणाला घरी बसू देईना. अकराला शेडमध्ये बहात्तर बाया होत्या, आणि आंबेटोल्याच्या एकोणचाळीस.

रंभाबाईंनी विषय वाचला: एका घरक्रमांकात वेगळी चूल असलेल्या स्त्रीस स्वतंत्र सभासदत्व. रीता लगेच उठली. सुनांचं, पाळीचं, सगळं तिनं मांडलं, आणि ते इतकं नीट मांडलं की बाकी गावांच्या बाया माना हलवायला लागल्या. कोणी म्हणालं, "बरोबर हाये हिचं." निशानं मतासाठी तयारी केली तेव्हा रुखमाबाईंनी मनात डोकी मोजली. अठ्ठेचाळीस हवी होती. ती होत नव्हती.

त्या उठल्या. भाषण केलं नाही. रीताकडे वळून विचारलं, "कशी चूल येगळी मानशीन तू? तू सांग."

रीता गडबडली. मग म्हणाली, "नंबरासाठी घातलेली नाई मानत मी. साल भरापासून जे पेटून राह्यली असन, थे."

"आनं कोन सांगन, सालभर पेटली का नाई?"

"गाव सांगन. ग्रामसभेचा कागद आना."

निशानं रंभाबाईंकडे पाहिलं. विषय तोच होता, फक्त अट वाढत होती, तेवढं सभेला करता येत होतं. तिनं मसुद्यात ओळ घातली, मोठ्यानं वाचली: वेगळी चूल किमान एक वर्षापासून असल्याबद्दल ग्रामसभेचा दाखला आवश्यक. मग हात वर करायला सांगितले. आंबेटोल्याच्या बायांना हात वर करताना अवघडल्यासारखं झालं, काहींनी तो खांद्यापर्यंतच नेला. निशाला दोनदा मोजावं लागलं. बाजूनं त्रेपन्न. विरोधात अकरा. आठ जणी तशाच बसून राहिल्या.

रीताचा हात वर गेला तो बाजूच्या त्रेपन्नांत की विरोधाच्या अकरांत, हे रुखमाबाईंनी पाहिलं नाही. त्यांची नजर खाली होती. नंतर रीतानंच सांगितलं, "माहीच अट, मंग मी इरोधात कशी जाईन वं?"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निबंधक कार्यालयाची मंजुरी आली. दहा तारखेला मंडळाच्या सभेत चार अर्ज होते, चारही मंजूर झाले. मोनालीचा क्रमांक एकशेबावीस. वारस म्हणून तिनं आपल्या पोरीचं नाव लिहिलं. शेडमध्ये पहिली टोपली लागली तेव्हा पावतीवर आईचं नाव नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला संस्थेचा शिपाई धनराज नोटीस-वही घेऊन सायकलवरून आला. रुखमाबाई पुढच्या पडवीत बसल्या होत्या. त्यांनी सही केली, आपला कागद घेतला आणि दुसऱ्यासाठीही हात पुढं केला.

"तो नाई देत मावशी," धनराज म्हणाला. "एकशेबावीसवालीची सही लागते."

"मागं जा मंग. चूल पेटून हाये, घरीच असन."

धनराज गोठ्याला वळसा घालून गेला. थोड्या वेळानं मोनाली पुढं आली. तिच्या बोटांना मोहफुलांचा चिकटपणा होता, कागद तिनं कडेला धरला होता. "आई, हे कोनती सभा वं? जायाच लागते काय?"

"मले काय इचारतं? शिकली हायेस ना तू. वर नाव लिहिलं असन सभेचं. खाली विषय. आंधी खालचं वाच."

मोनाली उंबऱ्यावर बसली आणि खालून वर वाचायला लागली.